रिकामी दिसणारी जागा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि मनाने घाटमाथ्यावरच्या घाटघरला जा. दिवाळी सरली आहे. भात कापून झालं आहे. वावराच्या कडेला तीन घरांनी मिळून एक गोल जागा साफ केली आहे, जड लाकडी धुमसाने चोपून, शेणाने सारवून. हे खळं. एक माणूस भाताचे भारे आणून तिथे टाकतो, दुसरा ते झोडतो, तिसरी बाई दाणे वाऱ्यावर धरते. कोणाला कोणाच्या घरात शिरावं लागत नाही. एकाने खळ्यावर ठेवायचं, दुसऱ्याने खळ्यावरून उचलायचं. काम संपलं की खळ्यावर गवत वाढतं आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा नव्याने करावं लागतं.

आता अशी कल्पना करा, की झोडणीच्या आदल्या दिवशी एक शहाणा माणूस तिथे येतो. खळ्याकडे बघतो. म्हणतो, "अरे, एवढी जागा रिकामी?" आणि त्यावर नांगर फिरवून टाकतो. दुसऱ्या दिवशी माणसं भारे डोक्यावर घेऊन उभी. ठेवायचे कुठे? आणि तोच शहाणा बांधावर उभा राहून सांगतो, की या लोकांना भात झोडताच येत नाही.

असा माणूस असतो का, असं विचाराल. असतो. ओतूरला होता. त्याचं नाव जिनेश.

ओतूरच्या बाजारपेठेत नेमीचंद शेठांचं भुसार मालाचं दुकान आहे. दुकानाच्या माडीवर शेठांनी आपल्या आईच्या, धापूबाईंच्या नावाने मुलांसाठी अभ्यासिका काढली. तिथे विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारे तीन जुने कॉम्प्युटर. चौथा खाली दुकानात, शेठांच्या स्वतःच्या गादीजवळ. जिनेश हा शेठांचा नातू. पुण्यात दोन वर्षं राहून आला होता. तिथल्या कंपनीची पट्टी अजून गळ्यात घालायचा. पट्टीला लटकणारं कार्ड कंपनीने परत घेतलं होतं. पट्टी तेवढी राहिली होती. तीन कॉम्प्युटरांचा कारभार त्याच्याकडे होता आणि तो असा चालवायचा, जणू काही अंतराळयान हाकतो आहे.

तिथे येणाऱ्यांत इंद्रायणी होती. आठवीतली, घाटघरची. शिक्षणासाठी ओतूरला कुशाबाई मावशीकडे राहायची. तिचे वडील रामनाथ घराच्या अंगणात पाऊस मोजायचे. रोज सकाळी आठ वाजता मोजपात्रातलं पाणी बघायचं आणि वहीत आकडा लिहायचा, जून ते ऑक्टोबर, एकही दिवस न चुकवता. इंद्रायणीने त्या आकड्यांचा आलेख काढणारा एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्याचे दोन भाग होते. एक भाग आकडे वाचून पुढे ठेवायचा, दुसरा ते उचलून आलेख काढायचा. गेल्या वर्षीच्या वहीवर तो झकास चालला होता.

दिवाळीच्या सुट्टीत ती गावी झोडणीला गेली. परत आली ती हाताला घट्टे आणि दप्तरात यंदाची वही घेऊन. तीन दिवस बसून तिने सगळे आकडे टाइप केले. प्रोग्रॅम चालू केला. पडद्यावर चार ओळी आल्या आणि प्रोग्रॅम मेला. पुन्हा चालू केला, पुन्हा मेला. पेनड्राइव्हवरून दुसऱ्या मशीनवर नेला, तिसऱ्या मशीनवर नेला, तेच.

तिने त्या चार ओळी वहीत उतरवून घ्यायला सुरुवात केली, तेवढ्यात मागून जिनेशचा हात आला आणि खिडकी बंद झाली.

"जिनेशदादा, मी लिवत व्हते ते."

"एरर लिहून घेते? तो काय निबंध आहे?" जिनेश हसला. "लाल अक्षरं वाचायची नसतात. बंद करायची असतात."

इंद्रायणीने वही मिटली. पण मनात तिला आश्चर्य वाटलं. मशीन आपण होऊन सांगतंय, काय दुखतंय ते, आणि हा डॉक्टर त्याच्या तोंडावर हात ठेवतोय.

मग जिनेशने उपचार सुरू केले. पहिल्या दिवशी त्याने माउस बदलला. दुसऱ्या दिवशी घरून केस वाळवायचं यंत्र आणून मशीनच्या पोटातली धूळ उडवली. ती सगळी शेजारच्या मुलांच्या वह्यांवर बसली. तिसऱ्या दिवशी त्याने कमाल केली. एक मशीन पूर्ण पुसून त्यावर सगळं नव्याने भरलं. दुपारभर बसला. आणि भरून झाल्यावर खिशातून पेनड्राइव्ह काढून म्हणाला, "आता माझी स्पेशल सेटिंग टाकतो. सुट्टीत तिन्ही मशीनना टाकली होती. बघा कशी पळते."

पळाली नाही. इंद्रायणीचा प्रोग्रॅम त्याच जागी, त्याच चार ओळी बोलून मेला.

"दाखव इकडे," म्हणत जिनेश खुर्चीत बसला. त्याने स्वतःच्या नावाने, म्हणजे मशीनच्या मालकाच्या नावाने प्रवेश केला आणि तोच प्रोग्रॅम चालू केला. खिडकी उघडली. आलेख यायच्या आतच त्याने ती बंद केली आणि खुर्ची गर्रकन फिरवली.

"उघडलं की नाही? माझ्या हाताने चालतं. मशीन ओके आहे. दोष कुठे आहे?" त्याने इंद्रायणीच्या बोटांकडे बघितलं. "भात झोडायचा हात वेगळा आणि कीबोर्डचा हात वेगळा, कळलं ना? त्या घाटातल्या पोरांना आधी बैलगाडी चालवू द्या."

दोन-तीन मुलं हसली. शहाण्याच्या विनोदावर हसलं की आपणही शहाणे ठरतो, असं काहींना वाटतं.

संध्याकाळी जिनेशने खाली जाऊन आजोबांच्या कानावर घातलं: त्या घाटघरच्या पोरीच्या प्रोग्रॅमने तिन्ही मशीनची वाट लावली, तिला आणि तिच्याकडच्या मुलांना वर येऊ देऊ नका. शेठांनी इंद्रायणीला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण नातवावर त्यांचा विश्वास होता आणि कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

"काय गं पोरी, काय केलंस?"

"काय न्हाई केलं, शेठ."

"जिनेश तर म्हणतो केलंस."

"मला शनिवारपर्यंत बसू द्या. काय बिघडलंय ते मी दावते."

"पुण्याला शिकून आलेल्याला सापडेना, ते तू दावतीस?" शेठ चष्म्यावरून बघत म्हणाले. "बरं. शनिवार. नाही दावलंस तर अभ्यासिकेच्या वहीतून नाव काढीन. मग त्या खुर्चीकडे बघायचं नाही. तुझ्याकडच्या कोणीच."

इंद्रायणी मान हलवून वर गेली. मावशीच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. शाळेतले दोन कपाटात होते, कुलूपबंद, मुलांपासून सुरक्षित. ही खुर्ची गेली तर प्रोग्रॅम लिहिणंच संपलं. आणि ती एकटी नव्हती. घाटाखालून-वरून येणारी आणखी चार मुलं त्याच वहीत होती.

जिनेश समोर नाही असं बघून तिने प्रोग्रॅम चालवला आणि चार ओळी शेवटपर्यंत वाचल्या. तीन ओळी नुसता पत्ता सांगत होत्या, कुठल्या ओळीत गाडी अडली तो. चौथी खरं बोलत होती: परवानगी नाही. आणि कुठे परवानगी नाही, त्या जागेचं नाव शेजारीच होतं. डेव्ह, मग तिरपी रेघ, मग एस, एच, एम.

आता नीट ऐका. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमला आपापलं घर असतं आणि दुसऱ्याच्या घरात शिरायची बंदी असते. म्हणून दोघांनी मिळून काम करायचं तर मधे सगळ्यांची म्हणून एक जागा लागते. लिनक्स ती जागा मशीन चालू होताना दर वेळी नव्याने मांडतं, मेमरीतच, आणि मशीन बंद झालं की ती जाते. तिचंच नाव ते तीन अक्षरी. इंद्रायणीला हे कुठून तरी वाचून अर्धंमुर्धं माहीत होतं. पण त्या जागेवर परवानगी नाही म्हणजे काय? ती जागा तर सगळ्यांचीच असते.

"सगळी मशीन अशीच आहेत का गं?" तिने रीनाला विचारलं. रीना ही जिनेशची धाकटी चुलत बहीण, पाचवीतली, वर खेळायला यायची आणि सगळ्यांचं सगळं ऐकायची.

"खालचं नाही," रीना म्हणाली. "दादाजींच्या मशीनला हात नाही लावू देत भैयाला. मागे त्याने लावला होता तर आठवडाभर सगळी अक्षरं उलट्या बाजूने यायची."

इंद्रायणी तशीच खाली गेली. शेठ गिऱ्हाइकाला ज्वारी दाखवत होते. ती थांबली. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, "शेठ, तुमच्या मशीनवर दोन अक्षरं टाकता का? मी हात न्हाई लावत. तुमीच टाका."

"कोणती दोन?"

"डी आणि एफ. काय बिघडत न्हाई त्यानी. कोणती जागा कुठं जोडली, त्याची यादी येती फक्त."

शेठांनी एका बोटाने डी शोधला, मग दुसरीकडे एफ शोधला. यादी आली. इंद्रायणीने ती ओळ न ओळ वहीत उतरवली. मग वर येऊन आपल्या मशीनवर तीच दोन अक्षरं टाकली आणि दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून बोट फिरवत गेली. खालच्या यादीत नऊ ओळी. वरच्या यादीत आठ. जी नव्हती, ती तीच, एस-एच-एमची.

मग तिला उमगलं. सगळ्यांची जागा मांडलेलीच नव्हती. त्या नावाचं नुसतं एक दार उरलं होतं आणि त्या दारामागे मालकाचा खासगी कप्पा होता. मालकाच्या नावाने आलेला जिनेश त्यात खुशाल सामान ठेवत होता. बाकीच्यांना तिथे परवानगी नव्हती. म्हणून त्याच्या हाताने चालत होतं. हाताची करामत नव्हती, नावाची होती. आणि ही साधी गोष्ट त्याच्या डोळ्यांसमोर घडली, तर त्याला त्यातून एवढंच कळलं की आपला हात थोर आहे.

पण जागा काढली कोणी? मशीन चालू होताना कामांची जी यादी वाचतं, ती फाइल सगळ्यांना वाचता येते. बदलता फक्त मालकाला येते. इंद्रायणीने ती उघडली. शेवटची ओळ तीच जागा काढून टाकायला सांगत होती. आणि वर इंग्रजीत ऐटीत लिहिलं होतं: जिनेशची सेटिंग, मेमरी बचत.

ती ते बघत बसली. तिला हसू येईना, रागही येईना. तीन दिवस हा माणूस धूळ उडवत होता आणि स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ एकदाही उघडून वाचली नव्हती. स्वतःचं लिहिलेलंसुद्धा वाचायचं नसतं, असं त्याला पुण्यात शिकवलं असावं.

शनिवारी दुपारी शेठ गुडघे धरत जिना चढून वर आले. जिनेश आधीच खुर्चीवर होता. रीना खिडकीत चढून बसली.

"हं, दाव," शेठ म्हणाले.

इंद्रायणीने दोन याद्या पुढे ठेवल्या आणि पडद्यावर ती ओळ उघडली. काय नाहीसं झालं आणि कशामुळे, ते तिने सांगितलं. नाव घेतलं नाही. नाव पडद्यावरच होतं.

जिनेशचे कान लाल झाले, पण आवाज खाली आला नाही. "मग? मुद्दाम काढलंय ते. दादाजी, चार जीबी मेमरी आहे मशीनला. त्यातली जवळजवळ दोन जीबी ही जागा धरून बसली होती. अर्धी मेमरी! आणि आत काय? काही नाही. रिकामी! रिकामी जागा धरून ठेवायची म्हणजे गोडाऊनचं नुकसान, हे तुम्हीच शिकवलंय ना मला?"

शेठांचा चेहरा खुलला. हे त्यांच्या भाषेतलं होतं. "ते बरोबर केलं की मग पोराने. रिकामा कोपरा ठेवूच नये. पोरी, काय म्हणणं तुझं?"

इंद्रायणीची खुर्ची हातातून चालली होती, डोळ्यांदेखत. तिने खाली, जिन्यातून दिसणाऱ्या दुकानाकडे बघितलं.

"शेठ, तुमच्या दुकानात पोती कुठंकुठं रचलीत?"

"सगळीकडे. पाय ठेवायला जागा आहे का?"

"मोठ्या काट्यावर का न्हाई रचली? तो तर दिवसभर रिकामाच ऱ्हातो."

शेठांनी मान वळवून खाली बघितलं. "काट्यावर?" ते म्हणाले. "खुळी का काय? काट्यावर पोती रचली तर माल तोलायचा कुठे?"

"मग जिनेशदादाला सांगा, काटा रिकामा हाय म्हनून उचलून टाकू नको म्हनावं."

रीना खिडकीत फिस्सकन हसली.

"काटा जागा तरी अडवतो," इंद्रायणीला आता धीर आला होता. "ही जागा तेवढीबी अडवत न्हाई. दोन जीबी हा आकडा आतल्या मालाचा न्हाई, जास्तीत जास्त किती ठेवता येईल त्याचा हाय. काय ठेवलंच न्हाई तर मेमरी जात न्हाई. शेजारच्या रकान्यात लिवलंय ना, किती वापरली. तुमच्या मशीनवरची यादी बघा. शून्य."

शेठांनी वही डोळ्यांजवळ नेली. रकाने वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी बोट सरकवत नेलं आणि शून्यावर थांबवलं.

"जिनेश, हे शून्य तू बघितलं नव्हतंस?"

"दादाजी, ते टेक्निकल आहे."

"शून्य टेक्निकल आहे?"

जिनेशने मोबाइल काढला, पाठ फिरवून बसला, काहीतरी शोधलं आणि बघून बघून एक आज्ञा टाइप केली. तीनदा चुकली. चौथ्यांदा बसली. "घे. लावली जागा परत. मी हेच करणार होतो. झालं?"

"मशीन बंद करून चालू करा की," इंद्रायणी म्हणाली.

"कशाला? झालं म्हटलं ना."

"करून तर बघ," शेठ म्हणाले.

मशीन बंद झालं, चालू झालं. इंद्रायणीने ती दोन अक्षरं टाकली. आठ ओळी. जागा पुन्हा गायब. कारण ती उचलून टाकणारी ओळ तशीच बसली होती आणि मशीनने ती इमानेइतबारे पुन्हा वाचली होती. जिनेश पडद्याकडे असा बघत राहिला, जणू मशीनने त्याचा अपमान केला.

"भैया," रीना म्हणाली, "तुझी ओळ काढ ना आधी."

पाचवीतल्या पोरीला जे दिसलं, ते त्याला सांगावं लागलं. त्याने ओळ खोडली. मशीन पुन्हा बंद झालं, पुन्हा चालू झालं. नऊ ओळी.

"चालव तुझं," शेठ इंद्रायणीला म्हणाले.

तिने प्रोग्रॅम चालू केला. मेला नाही. पडदा क्षणभर पांढरा राहिला आणि मग डावीकडून एकेक निळी काडी उभी राहू लागली: जूनच्या ठेंगण्या, जुलैच्या उंच. रीना खिडकीतून उतरून जवळ आली. शेठांनीही मान पुढे केली.

आणि जुलैच्या मधोमध एक काडी वर वर गेली, इतकी की बाकी सगळ्या तिच्यापुढे गवतासारख्या दिसू लागल्या. खाली आकडा होता: एक हजार चारशे वीस मिलिमीटर. एका दिवसात.

जिनेश खुर्चीवरून उठलाच. "बघा! बघा दादाजी! एका दिवसात दीड मीटर पाऊस! घाटघर वाहून गेलं असतं, ही इथे बसली नसती! आणि ही मला शिकवते. आता सांगा, हाताचा दोष आहे की नाही?" इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने पडदा शेवटपर्यंत वाचला होता.

शेठांनी इंद्रायणीकडे बघितलं. खोलीतली सगळी मुलं तिच्याकडे बघत होती. मशीनने आकडा फिरवला, जिनेशच्या सेटिंगने घोळ झाला, असं काहीही ती म्हणू शकली असती. त्या खोलीत तिला खोटं पाडण्याइतकं कोणालाच कळत नव्हतं, जिनेशला तर नाहीच.

इंद्रायणीने वडिलांची वही उघडली आणि जुलैचं पान काढलं. आकड्यावर बोट ठेवून वही शेठांसमोर धरली. तिथे एकशे बेचाळीस होते.

"माझीच चूक झाली, शेठ," ती म्हणाली. "एक शून्य जास्ती पडलं."

मग तिने खुर्ची पुढे ओढली, सगळ्यांसमोर ते शून्य पुसलं, आणि एक जूनपासून प्रत्येक आकडा वहीशी ताडून बघायला सुरुवात केली. रीनाला तिने शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाली, "तू वहीतला मोठ्यानं वाच. मी पडद्यावरचा बघते."